लक्ष्मणराव किर्लोस्कर : आधी दुकान, मग गाव



पालक-सभेनंतर दोन-चार पालक हमखास मागे थांबतात. मुलाचे आयटीआय झालेले असते किंवा बी.कॉम. झालेले असते. नोकरीची वाट पाहण्यापेक्षा स्वतःचे काहीतरी सुरू करावे असे त्याच्या मनात असते. मोटर वाइंडिंग, मोबाइल दुरुस्ती, फर्निचर, छपाई, काहीही. घरात वाद असतो तो एकाच गोष्टीवर. आधी बालाघाट सोडून नागपूर-पुण्याला जावे, तिथे जम बसवावा आणि मग दुकान टाकावे. की आधी इथेच गोंदिया रोडला एखादे शटर भाड्याने घ्यावे आणि चालले तर पुढे मोठ्या शहराचे बघावे? आई म्हणते इथेच राहा, मामा म्हणतो इकडे ये. मुलगा मध्ये अडकतो.

या प्रश्नाचे तयार उत्तर माझ्याजवळ नाही. पण एका माणसाचे चरित्र आहे, ज्याच्या आयुष्यात हा प्रश्न दोनदा आला आणि दोन्ही वेळा वेगळ्या रूपात आला. त्या माणसाचे नाव लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर. माझे सगळे शिक्षण हिंदी माध्यमातून झालेले असल्यामुळे हे नाव मला मराठी मासिकावर फार उशिरा दिसले. पहिल्यांदा दिसले ते शेतातल्या इंजिनावर आणि विहिरीवरच्या पंपावर. आपल्याकडच्या धानवाल्या गावांत कितीतरी घरांत हीच परिस्थिती असेल. किर्लोस्कर म्हणजे पंप, एवढेच ठाऊक. त्या पंपामागे एक घर सोडणारा, गाव सोडणारा माणूस होता, हे पुष्कळांना माहीत नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. हे गाव आज कर्नाटकात आहे. मराठी संगीत नाटकाचा पाया घालणारे अण्णासाहेब किर्लोस्कर यांचाही जन्म याच गावातला, याच कुळातला. म्हणजे एका लहानशा कानडी मुलुखातल्या मराठी घराण्याने एकीकडे रंगभूमी दिली आणि दुसरीकडे कारखाना दिला. महाराष्ट्राच्या सीमेबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्या मराठी लोकांनी ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

वडील वेदान्ताकडे ओढा असलेले. मुलाला मात्र पोथीपेक्षा चित्रांत आणि यंत्रांत रस. शाळेच्या पुस्तकी अभ्यासात त्याचे मन लागेना. घरच्यांना चित्रकला हा पोटापाण्याचा उद्योग वाटत नव्हता, आणि त्या काळी कोणाला वाटला असता? थोरले बंधू रामचंद्र, म्हणजे रामूअण्णा, हे मात्र पाठीशी उभे राहिले. त्यांनी पैशाची मदत केली आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईला जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले.

दोन वर्षांनी एक विचित्र अडचण निघाली. काही रंगांतील फरक लक्ष्मणरावांच्या डोळ्यांना नीट कळत नव्हता. चित्रकाराला रंग ओळखू येत नसतील तर काय करायचे? रंग सोडावे लागले. पण रेषा हातात होती. त्यांनी यंत्रांचे आराखडे काढण्याचे शिक्षण घेतले आणि पुढे मुंबईच्याच व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. ही संस्था तेव्हा नवी होती. तेथे वाफेची इंजिने होती, लेथ होते, कार्यशाळा होती. पगार देऊन कोणी यंत्रे हाताळू देत आहे, याहून चांगली शाळा त्यांना मिळाली नसती.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

मुंबईत त्या काळी सायकल ही नवलाची वस्तू होती. किंमत शेकडो रुपयांत, म्हणजे सामान्य कारकुनाच्या कितीतरी महिन्यांच्या पगाराएवढी. लक्ष्मणरावांना ती दिसली, आवडली आणि तिच्यातला धंदाही दिसला. नोकरी सोडून मुंबईत सायकलचे दुकान थाटण्याच्या भानगडीत ते पडले नाहीत. नोकरी टाकून बेळगावला परतण्याचीही घाई त्यांनी केली नाही. त्यांनी तिसरा मार्ग काढला. स्वतः मुंबईत नोकरीवर राहिले, तेथून सायकली विकत घेऊन बेळगावला पाठवू लागले आणि बेळगावात रामूअण्णा त्या विकू लागले. 'किर्लोस्कर ब्रदर्स' हे नाव या दुकानाचे. कंपनी आपला आरंभ १८८८ पासून मोजते. रामूअण्णा नुसती सायकल विकत नसत, ती चालवायलाही शिकवत आणि त्याची फी पंधरा रुपये घेत. विचार करा, वस्तू विकून फायदा आणि वापरायला शिकवून वेगळा फायदा. आज कॉम्प्युटर विकणारे हेच करतात.

बेळगावच का? एक तर घर तिकडचे, माणसे ओळखीची. दुसरे म्हणजे बेळगाव ही लष्करी छावणीची जागा. इंग्रज अधिकारी, सरकारी नोकर, वकील अशी पैसे बाळगून असणारी मंडळी तेथे होती. आणि मुंबईत सायकल विकणारे आणखी लोक होते, बेळगावात त्या मानाने मैदान मोकळे होते. माल जिथे स्वस्त आणि लवकर मिळतो तिथे एक भाऊ, आणि गिऱ्हाईक जिथे आहे तिथे दुसरा. महिन्याचा पगार चालू, म्हणून चूल पेटण्याची चिंता नाही. दुकान बुडाले असते तर दोघांपैकी एकाची तरी नोकरी शाबूत राहिली असती.

मला या चरित्रातला हा भाग सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका हाच भाग लोक दोन ओळींत उरकतात. पुढचा माळरानाचा पराक्रम सांगायला आवडतो, कारण त्यात नाट्य आहे. पण ज्या मुलाजवळ आज भांडवल म्हणून वीस-तीस हजार रुपये आणि एक जुनी मोटारसायकल आहे, त्याने माळरान नव्हे तर ही भावाभावांची व्यवस्था नीट बघावी. मुलगा पुण्यात नोकरीला आणि बहीण किंवा भाऊ इथे दुकानावर, असे आपल्याकडे होऊ शकते. दुकानावर बसणाऱ्याचा हिस्सा आणि मान मात्र आधी ठरलेला हवा. रामूअण्णा थोरले होते, ते धाकट्याच्या योजनेत भागीदार झाले आणि शेवटपर्यंत राहिले. प्रत्येक घरात असा अण्णा असतोच असे नाही.

नोकरी सुटली ती एका अन्यायामुळे. बढतीची जागा रिकामी झाली, लक्ष्मणराव तिच्यासाठी लायक होते, पण ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. त्या राज्यात हे नवे नव्हते. इतरांनी चार दिवस मनात कुढून पुन्हा हजेरीपटावर सही केली असती. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठले. येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. राजीनामा रागाने दिला असेल, पण तो रिकाम्या हाताने दिला नव्हता. बेळगावात दुकान आधीपासून उघडे होते. फळीवर नाव होते, गिऱ्हाईक होते, हिशेबाची वही होती. म्हणजे त्यांचे पहिले स्थलांतर धंदा सुरू झाल्यानंतरचे.

बेळगावला आल्यावर सायकलीवरच समाधान मानले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते. दुकानाला जोडून त्यांनी दुरुस्तीचे काम घेतले, लहानसा कारखाना उभा केला आणि पहिली वस्तू बनवली ती कडबा कापण्याचे यंत्र, आपण जिला कुट्टी मशीन म्हणतो ती. ज्वारीचा कडबा तसाच जनावरापुढे टाकला तर निम्मा तुडवला जातो. बारीक करून दिला तर वाया जात नाही. आपल्याकडे तणसाचे जे होते तेच. शेतकऱ्याला हा हिशेब समजला.

त्यानंतर १९०३ च्या सुमारास आला लोखंडी नांगर. लाकडी नांगर जमीन खोल उकरत नाही. काळ्या जमिनीत हराळी माजली की लाकडी नांगराला चार-चार बैलजोड्या लावूनही भागत नसे. विलायती लोखंडी नांगर येत होते, पण महाग. लक्ष्मणरावांनी इथे बनवायचे ठरवले. नांगर बनले. आणि पडून राहिले. दोन वर्षे नांगर विकला जाईना. लोखंडाने जमिनीत विष भिनते, पीक येत नाही, असा शेतकऱ्यांचा समज होता. आज हसू येईल, पण ज्याच्या घरात एका पिकावर वर्ष काढायचे आहे त्याने नव्या औजाराला भिऊ नये असे आपण कसे म्हणणार? हळूहळू एकाने घेतला, शेजाऱ्याने त्याचे शेत पाहिले, मग त्याने घेतला.

त्या दोन वर्षांत ते तरले कसे? सायकलींचा व्यवहार होता, कुट्टी मशीन होती, बांधकामाची कंत्राटेही ते घेत. एका वस्तूवर सगळे घर टांगलेले नव्हते. आणि गाव ओळखीचे होते, उधारीवर माल देणारे दुकानदार होते. अनोळखी शहरात दोन वर्षे माल पडून राहिला असता तर जागेच्या भाड्यानेच कंबर मोडली असती, असे मला वाटते.

नांगर खपू लागला. कारखाना मार्गी लागला. आणि नेमके त्याच वेळी बेळगावच्या नगरपालिकेने शहराची नवी वस्ती वसवण्यासाठी ती जागा हवी म्हणून कारखाना हलवायला सांगितले. वीस वर्षांची मेहनत, भट्ट्या, यंत्रे, माणसे, आणि आता जागा खाली करा. हा दुसरा प्रसंग. या वेळी आधी की नंतर हा प्रश्न नव्हताच. धंदा चालू होता आणि जाणे भाग होते. कुठे जायचे एवढेच ठरवायचे होते.

नशिबाचा भाग येथे आहे, तो लपवू नये. औंध संस्थानचे राजे भवानराव उर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे रामूअण्णांचे स्नेही. ते नुकतेच गादीवर आले होते. स्वतः चित्रकार, व्यायामाचे भक्त, नव्या गोष्टींची आवड असलेले. औंधात बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचा त्यांच्याशी संबंध आलेला होता. कारखान्यावरचे संकट कळताच त्यांनी आपल्या संस्थानात हवी ती जागा पाहा असे सुचवले, आणि कर्जाऊ पैसेही देऊ केले. राजा मित्र असणे हे काही प्रत्येकाच्या पत्रिकेत लिहिलेले नसते. पण हेही खरे की वीस वर्षे काम करून नाव कमावले नसते तर राजाने जमीन कशाच्या भरवशावर दिली असती?

लक्ष्मणरावांनी जागा निवडली ती कुंडल रोड नावाच्या रेल्वे स्टेशनाजवळची. बत्तीस एकर माळ. निवडुंग माजलेला, साप फिरणारे, पाण्याची टंचाई. संस्थानात याहून चांगल्या जमिनी नक्कीच होत्या. मग ही का? स्टेशनमुळे. नांगर ओतायचा तर कच्चे लोखंड लागते, कोक लागतो, आणि तयार नांगर शेतकऱ्यापर्यंत पोचवायला लागतो. हे सगळे बैलगाडीवर होत नाही. शिवाय नकाशा काढून पाहा. पुण्याहून मिरजेवरून बेळगावला जाणारी जी रेल्वे, तिच्यावरच हे स्टेशन. बेळगावपासून शंभर-एक मैल दूर, पण रूळ तेच. म्हणजे गाव बदलले तरी ज्या वाटेने माल येत-जात होता ती वाट बदलली नाही. आणि आजूबाजूला कृष्णाकाठची काळी जमीन, जिला लोखंडी नांगराची खरी गरज. माळ ओसाड होता, पण गिऱ्हाइकाच्या मधोमध होता.

आपल्या जिल्ह्यातल्या लोकांना रेल्वेचे महत्त्व वेगळे सांगायला नको. गोंदिया-बालाघाट-नैनपूर ही छोटी लाइन विसाव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, म्हणजे साधारण लक्ष्मणरावांचा नांगर निघाला त्याच सुमारास. मॅंगनीज, लाकूड, धान यांचा व्यवहार या लाइनने बदलला. ब्रॉडगेज होईपर्यंत आपण किती वर्षे वाट पाहिली ते घरातल्या मोठ्यांना विचारा. ज्याला माल पाठवायचा आहे त्याने दुकानाच्या दरवाजापेक्षा मालाची वाट आधी बघावी.

१९१० साली किर्लोस्करवाडी वसू लागली. पंचवीसएक कामगार आणि त्यांची कुटुंबे लक्ष्मणरावांबरोबर त्या माळावर आली. हे वाचताना मी नेहमी थांबतो. मालकाचे एक असते, कारखाना त्याचा, स्वप्न त्याचे. पण मजुरीवर काम करणारा माणूस बायको-मुले घेऊन बेळगावसारखे शहर सोडून सापांच्या माळावर का येतो? बेळगावात त्याला दुसरे काम मिळाले असते. तो आला, याचा अर्थ बेळगावच्या वर्षांत मालकाने असे काही पेरले होते की जे जागेबरोबर नगरपालिकेला घेता आले नाही. भट्टी मोडून दुसरीकडे बांधता येते, पण हात शिकलेली आणि विश्वास असलेली माणसे पुन्हा मिळवायला आणखी वीस वर्षे लागली असती. नुसत्या कल्पनेवर गाव बदलणाऱ्याजवळ असली शिदोरी नसते. चालू धंद्यासह गाव बदलणाऱ्याजवळ असू शकते.

जी माणसे त्यांनी जमवली तीही मोठी मजेदार होती. शंभूराव जांभेकर यंत्रात डोके चालवणारे, मंगेशराव रेगे हिशेब आणि पत्रव्यवहार सांभाळणारे, शाळा अर्धवट सुटलेले पण कल्पक असे अनंतराव फळणीकर, अडचण येईल तेथे धावून जाणारे के. के. कुलकर्णी. रामूअण्णा स्वतः वसाहतीची आखणी आणि व्यवस्था पाहत. परीक्षेतल्या गुणांवर यांपैकी काहींना कोणी दारातही उभे केले नसते. हे एका मुख्याध्यापकाने लिहावे हे थोडे विचित्र आहे, पण खरे आहे. लक्ष्मणराव माणसाचा हात बघत, प्रमाणपत्र नंतर. गुन्हेगार म्हणून शिक्का बसलेल्या तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग यांना त्यांनी रात्रीचे पहारेकरी नेमले. चोरीचा शिक्का असलेल्यांच्या हाती किल्ल्या! वाडीत शिवाशीव पाळायची नाही असा त्यांचा नियम होता, आणि ही गोष्ट ज्या काळात झाली तो काळ लक्षात घेतला तर तिचे मोल कळते.

त्या वेळी थोरला मुलगा शंतनुराव सहा-सात वर्षांचा होता. त्याचे बालपण या माळावर गेले. पुढे त्याने आपले आत्मचरित्र लिहिले तेव्हा त्याच्या नावातच निवडुंग आणला, 'कॅक्टस अँड रोझेस'. निवडुंग काढून तेथे घरे, विहीर, शाळा, वाचनालय, बागा उभ्या राहिल्या. १९२० साली 'किर्लोस्कर ब्रदर्स' ही मर्यादित कंपनी झाली, आणि त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी कारखान्याच्या बातम्यांसाठी 'किर्लोस्कर खबर' काढली. तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. १९३० मध्ये 'स्त्री', त्यानंतर 'मनोहर'. एका खेड्यातल्या नांगराच्या कारखान्यातून निघालेली मासिके पुणे-मुंबईच्या घराघरांत वाचली गेली. वाचक मोठ्या शहरात आहेत म्हणून छापखाना मोठ्या शहरातच पाहिजे, असे शंकररावांना वाटले नाही.

पहिले महायुद्ध आले तेव्हा परदेशी लोखंड आणि कोळसा यांची टंचाई झाली. एका बाजूला मागणी, दुसऱ्या बाजूला भट्टीत टाकायला काही नाही. त्या वेळी कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवण्यासाठी दिल्या, अशी हकिकत सांगितली जाते. तोफेचा नांगर झाला. संस्थानी मुलुखात असण्याचा हाही एक फायदा होता, शेजारचे राजे ओळखीचे झाले होते. जागा निवडताना मात्र हे कोणाच्या हिशेबात नसणार.

औंधच्या राजांनी बोलावलेले किर्लोस्कर एकटेच नव्हेत. काही वर्षांनी ओगले बंधूंचा काच कारखाना औंध संस्थानातच कराडजवळ उभा राहिला आणि त्या जागेला ओगलेवाडी नाव पडले. त्यांचा प्रभाकर कंदील आपल्यापैकी पुष्कळांच्या आजीच्या घरी असेल. एक लहान संस्थान, ज्याच्याकडे खाण नाही, बंदर नाही, त्याने जमीन आणि आधार देऊन दोन उद्योग वसवले. आपल्याकडे औद्योगिक क्षेत्रातील भूखंड मिळवायला किती कागद लागतात ते ज्यांनी अर्ज केले आहेत त्यांनाच विचारावे.

शंतनुराव अमेरिकेत एम. आय. टी. मध्ये शिकून १९२६ साली परतले. बरोबर गेलेला चुलतभाऊ माधवराव क्षयाने वारला, तो परत आला नाही. घराने ते दुःख सोसले. पुढच्या पिढीपुढे जागेचा प्रश्न पुन्हा आला, पण आता तिसऱ्याच तऱ्हेने. नांगर, उसाचे चरक, पंप यांसाठी वाडी पुरेशी होती. लेथ, डिझेल इंजिन आणि विजेच्या मोटरी करायच्या तर नव्या जागा हव्या होत्या. १९४१ मध्ये म्हैसूर संस्थानात हरिहर येथे लेथचा कारखाना निघाला. १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा. वाडी मोडून कोठे नेली नाही. जुने जिथे होते तिथे ठेवले आणि नवे काम नव्या जागी सुरू केले. बेळगावचा अनुभव ज्यांच्या घरात आहे ते उखडण्याचे नाव सहसा काढणार नाहीत, असे माझे मत.

वाडीवर सर्वांत वाईट दिवस आला तो १९४८ च्या आरंभी. महात्मा गांधींच्या हत्येनंतर दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर जमाव चालून गेले, त्यात किर्लोस्करवाडीचा कारखानाही आगीत सापडला. लक्ष्मणराव तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. ज्या माळावर प्रत्येक झाड लावलेले, त्याचे जळलेले रूप त्यांना या वयात पाहावे लागले. त्याच वर्षी औंध संस्थानही विलीन झाले. म्हणजे ज्यांनी जागा दिली त्या राजांचे राज्यही संपले. पुणे, बंगळूर, हरिहर येथे कुटुंबाचे कारखाने होतेच. सामान उचलून निघून जाणे सोपे होते आणि कोणी दोष दिला नसता. तरी वाडीचा कारखाना तेथेच पुन्हा उभा केला गेला. १९१० मध्ये जाणे योग्य होते आणि १९४८ मध्ये राहणे योग्य होते. दोन्ही निर्णयांना एकच नियम लावायचा म्हटले तर लागत नाही. फरक मला असा दिसतो की बेळगावात कारखाना दुसऱ्यांच्या शहरात होता, आणि वाडीत कारखान्याभोवती गाव वाढले होते. शेजारच्या गावांतली शेकडो घरे त्याच्या भोंग्यावर उठत होती.

मागे थांबणाऱ्या पालकांना मी आता उत्तराऐवजी काही प्रश्न विचारतो, ते याच चरित्रातून घेतलेले आहेत. मुलगा जे विकणार किंवा बनवणार आहे त्याचा माल कुठून येतो? गिऱ्हाईक कुठे राहते? दोन जागा वेगळ्या असतील तर दुसऱ्या टोकाला बसायला घरचे कोण आहे? माल एक वर्ष पडून राहिला तर भाडे कशातून निघेल? जागा स्वतःची आहे की कोणी उद्या उठ म्हणू शकतो? वारासिवनीच्या एखाद्या मुलाला धान निवडण्याच्या यंत्रांचे सुटे भाग विकायचे असतील तर त्याचे गिऱ्हाईक इथल्या राइस मिलमध्ये आहे. नागपुरात दुकान टाकून तो कोणाची वाट पाहणार? त्याने नागपुरात वर्ष-दोन वर्षे एखाद्या मोठ्या दुकानात नोकरी जरूर करावी, माल ओळखायला शिकावे, घाऊक व्यापाऱ्यांशी ओळख करावी, आणि तेवढ्यात इथे भावाने शटर उघडावे. उलट ज्याला सॉफ्टवेअर करायचे आहे किंवा ज्याचे गिऱ्हाईक इथे मुळीच नाही, त्याला इथे थांबवून ठेवण्यात आईचे प्रेम आहे, हिशेब नाही.

मुलींच्या बाबतीत हा विचार घरात होतच नाही, हेही सांगून टाकतो. तिचे गाव लग्नाने ठरणार म्हणून तिने धंदा सुरू करू नये असे धरून चालतात. शिवणकाम, बेकरी, ब्युटी पार्लर इथे दोन वर्षे चालवलेली मुलगी जेथे जाईल तेथे हातातली कला आणि हिशेबाची वही घेऊन जाईल. बेळगावहून वाडीला जे गेले तेही मुख्यतः हेच होते.

लक्ष्मणरावांचे निधन २६ सप्टेंबर १९५६ रोजी झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारतीय डाक विभागाने त्यांचे तिकीट काढले. ज्या मुलांना तिकिटे जमवण्याचा छंद आहे त्यांनी ते शोधून वर्गात दाखवावे.

किर्लोस्करवाडी आज सांगली जिल्ह्यात, पलूस तालुक्यात आहे, आणि पंपाचा कारखाना अजून तेथेच आहे. कुंडल रोड हे स्टेशनचे नाव पुढे बदलले. पुणे-मिरज मार्गाने कधी गेलात तर मिरजेच्या थोडे अलीकडे पिवळ्या पाटीवर किर्लोस्करवाडी असे लिहिलेले दिसेल.